पाणचक्की पुन्हा चालू करण्याच्या नोंदी : उत्तर सोलापूर तालुका, २०२४–२५

१८ जानेवारी २०२४

सिद्धेश्वराच्या यात्रेतील मुख्य विधी आटोपून गवंडी आणि मजूर कामावर परतल्यानंतर आज पाणचक्कीच्या जागेची पहिली सविस्तर पाहणी झाली. गावतलावाच्या मोरीतून निघालेला पाट भरावाच्या पायथ्याने थोडे अंतर सपाटीवरून जातो आणि मग एकदम खाली उतरतो. त्या उतारावर काळ्या दगडाची ही एकखणी, दुमजली इमारत उभी आहे. खालच्या अंधाऱ्या खोलीत चाक, वरच्या खोलीत दळणाचे दगड आणि पाठीमागे पाटाचे पाणी चाकावर सोडणारी दगडी पन्हळ, अशी तिची रचना आहे. मूळ बांधकाम पूर्णपणे चुन्यातील असून सिमेंट दिसते ते नंतरच्या डागडुजीत. माळवद, म्हणजे लाकूड-मातीचे सपाट छप्पर, आत कोसळले आहे, पूर्वेच्या भिंतीला वरपासून पायापर्यंत तडा गेला आहे आणि चाकाची खोली छातीइतक्या गाळाने भरली आहे.

पाण्याची नळी लावून पातळ्या घेतल्या. पन्हळीच्या मुखापासून खालच्या चारीपर्यंत ३.२ मीटर उंची मिळते. पाणचक्की म्हटली की आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची चक्की आठवते, जिच्यासाठी शहराबाहेरचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले गेले. आमच्या चक्कीचे तत्त्व तेच आहे, मात्र तिच्यासाठी वेगळे पाणी आणलेले नाही. शेताला जाणाऱ्या पाण्याच्या वाटेतच ती बसवलेली आहे. त्यामुळे पाट वाहील तेव्हाच ती चालणार, ही गोष्ट कामाच्या पहिल्याच दिवशी सर्वांनी ध्यानात घ्यावी म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

२०२३ च्या पावसाने ओढ दिल्यामुळे तलाव तळाला गेला आहे. गावासाठी ही काळजीची गोष्ट असली तरी पाट आणि चाकाची खोली पूर्ण कोरडी मिळण्याची अशी संधी दुरुस्तीच्या कामाला सहसा लाभत नाही.

२६ जानेवारी २०२४

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत विषय मांडला. पहिला प्रश्न पाण्याचाच निघाला, आणि ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो तेथे तो निघायलाच हवा होता. तलावात पिण्यापुरते पाणी नसताना चक्कीला पाणी कोठून देणार, असे एका ज्येष्ठ शेतकऱ्याने विचारले. त्यावर असे स्पष्ट केले की चक्कीसाठी तलावातून वेगळे पाणी सोडले जाणार नाही. शेतीसाठी पाणीपाळी, म्हणजे ठरलेल्या दिवसांचे पाटाचे पाणी, सुटेल तेव्हा जे पाणी आज उतारावरून नुसते खाली कोसळते, तेच चाकावरून जाऊन पुन्हा त्याच चारीत पडेल. पन्हळीत जितके पाणी शिरेल तितकेच खाली निघेल.

हे उत्तर बहुतेकांना पटले, पण त्यातील एक अडचण सभेतच पुढे आली आणि ती खरी आहे. पन्हळीच्या मुखाजवळच एका शेतकऱ्याची चारी फुटते आणि त्यांचे रान चाकाच्या वरच्या अंगाला आहे. पाणी एकदा चाकावरून खाली गेले की ते त्यांच्या रानात चढणार नाही. म्हणजे पाणी कमी होत नसले तरी त्याची उंची खर्च होते, आणि वरच्या रानाला ती उंचीच हवी असते. त्यांच्या पाळीच्या वेळी चक्की पूर्ण बंद ठेवायची आणि पन्हळीच्या मुखाशी फळीचे दार बसवून त्याची किल्ली पाटाचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याकडेच ठेवायची, असा ठराव झाला. चक्की चालवणाऱ्याच्या हाती ती किल्ली नसावी, हा आग्रह त्या शेतकऱ्याचाच होता. तो मला रास्त वाटला.

दुसरा मुद्दा तरुणांनी मांडला. पाण्याची वाट पाहण्यापेक्षा या दगडांना पाच अश्वशक्तीची मोटार जोडली तर चक्की बारा महिने चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. गावात विजेवर चालणाऱ्या गिरण्या आधीच आहेत आणि त्या दळणाला पुरेशा आहेत. तिसरी विजेची गिरणी जुन्या इमारतीत बसवण्यासाठी लोकवर्गणी काढावी असे कोणालाही वाटले नाही. शिवाय हे दगड मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांसाठी घडवलेले असून मोटारीच्या वेगाला ते, वरच्या दगडाला फिरवणाऱ्या जुन्या लोखंडी पट्टीवर, किती टिकतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शेवटी मोटार बसवायची नाही, हे ठरावात लिहून घेतले. पुढे कोणी हा विषय काढलाच तर ठराव वाचून दाखवता यावा, हा त्यामागील हेतू आहे.

१० फेब्रुवारी

चाकाच्या खोलीतील गाळ काढण्यास सुरुवात केली. कुदळ आणि फावडे फक्त वरच्या थरापुरते वापरले, त्याखाली खुरपे आणि हात. गाळ वाहून नेण्यासाठी शेतकऱ्यांनी आपण होऊन बैलगाड्या आणल्या, कारण तलावातून आलेली ही पोयट्यासारखी माती रानात टाकण्याजोगी आहे.

१७ फेब्रुवारी

आज गाळाच्या तळाशी चाकाचा लाकडी तुंबा, म्हणजे ज्यात पाती बसतात तो मधला ठोकळा, सापडला. पाती केव्हाच कुजून गेली आहेत, पण तुंबा कायम ओल्या गाळात रुतून राहिल्याने टिकला. ओले-कोरडे होत राहिलेले लाकूड कुजते, सतत भिजलेले पुष्कळदा वाचते. त्याच्यावरील चिखल ओल्या फडक्याने पुसून काढल्यावर भोवताली सोळा खाचा मोजता आल्या. दोन खाचांत पात्यांची मुळे अजून घट्ट बसलेली आहेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाचा सरळ उभ्या नाहीत. प्रत्येक खाच एका बाजूला कललेली असून तिच्या एका कडेवर बसवलेली पाचर जागेवर आहे. या कलावरून पाती पन्हळीतून येणाऱ्या धारेला कशी सामोरी जात होती ते समजते. नवे चाक कसे करावे हा प्रश्न तुंब्याने निम्मा सोडवला, असे आमच्या सुतारांचे मत पडले. त्यांनी लगेच पुठ्ठ्यावर खाचेचा साचा उतरवून घेतला.

तुंबा एकदम उन्हात काढला तर तो तडकेल. म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून शाळेच्या पडवीत सावलीला ठेवला आहे आणि गोणपाट दर आठवड्याला थोडे कमी भिजवायचे आहे.

तुंब्याखाली एक वाटोळा काळा दगड आहे, त्याच्या मध्यभागी वाटीएवढी उखळी. उभ्या कण्याच्या तळाचा लोखंडी खिळा याच उखळीत फिरत असे. या प्रकारच्या चक्कीत दात्यांची चाके नसतात. खाली आडवे चाक, त्यातून वर गेलेला उभा कणा, तो तळच्या स्थिर दगडाच्या भोकातून वर येऊन लोखंडी पट्टीच्या आधारे वरच्या दगडाला फिरवतो, एवढेच यंत्र. चाकाची एक फेरी म्हणजे दगडाची एक फेरी.

२० मार्च

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली. तलावाची सिंचनक्षमता शंभर हेक्टरांच्या आतील असल्याने तो जिल्हा परिषदेकडे आहे आणि पन्हळीच्या मुखाशी दार बसवण्यासाठी तेथील लेखी संमती लागते. ती आता निकालानंतरच मिळेल. सोलापूरचे मतदान ७ मे रोजी आहे. तोपर्यंत लोकवर्गणीतून होणारी आणि ग्रामपंचायतीच्या इमारतीपुरती कामे चालू ठेवावीत, असे ठरले.

५ एप्रिल

जुन्या डागडुजीतील सिमेंट छिन्नीने काढले. हे काम वेळखाऊ आहे, कारण सिमेंट दगडाला इतके चिकटते की निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन येते. सिमेंटच्या मागे ओल अडकून चुना पिठासारखा भुसभुशीत झालेला बऱ्याच ठिकाणी आढळला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्या अंगावर सिमेंटचा थर दिला की ओल आत जाण्याचे मार्ग तसेच राहतात आणि बाहेर पडण्याचा बंद होतो.

पूर्वेच्या भिंतीचा तडा पायापर्यंत उकरून पाहिला. तिन्ही बाजूंचा पाया मुरमावर आहे, पण पूर्वेचा कोपरा काळ्या मातीवर टेकलेला आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. हा कोपरा दरवर्षी वर-खाली होत आला, तडा त्याचाच. भिंत नुसती भरून घेतली तर ती पुन्हा उकलेल. कोपऱ्याखालची काळी माती टप्प्याटप्प्याने काढून मुरमापर्यंत दगडाचा पाया उतरवावा लागेल.

२८ एप्रिल

पारा बेचाळिसाच्या वर आहे. चुन्याचे काम अशा उन्हात करू नये, कारण त्यातील पाणी उडून जाते आणि चुना घट्ट होण्याऐवजी वाळून जातो. म्हणून बांधकाम थांबवले आहे आणि कळीचा चुना विझवून खड्ड्यात मुरायला ठेवला आहे. जितका अधिक मुरेल तितका तो लोण्यासारखा होईल आणि गवंड्याला हवा तसा पसरेल. सुरखीसाठी जुन्या भट्टीच्या विटांचा चुरा केला आहे. पाण्याशी कायम संबंध येणाऱ्या भागात एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि एक भाग वाळू असे प्रमाण ठेवणार आहोत. भाजलेल्या मातीच्या भुकटीमुळे चुना ओलीतही पकड धरतो. गूळ आणि हिरडा घालावा की नाही यावर दोन ज्येष्ठ गवंड्यांत मतभेद आहेत. गिलाव्यात घालावा आणि पायात घालू नये, हा मध्यम मार्ग दोघांनीही नाखुशीने मान्य केला.

दरम्यान ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावातील गाळ उचलला जात आहे. मोरीच्या तोंडाशी साचलेला ढीग या निमित्ताने निघाला. चाकाच्या दृष्टीने हे मोठे काम झाले, कारण गढूळ पाण्यातील वाळू पात्यांना आणि खिळ्याला झिजवते.

२२ जून

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस चांगला झाला. संमतीचे पत्र आले. पूर्वेच्या कोपऱ्याचा पाया एका वेळी हातभर लांबीचाच उघडून मुरमापर्यंत भरून घेतला. पुढचा तुकडा उघडण्यापूर्वी आधीचा किमान आठवडाभर ओला ठेवला. तड्यात लांब दगडांचे बंध घातले.

३ ऑगस्ट

माळवद पूर्ण झाले. बाभळीच्या तुळया, त्यांवर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, लिंबाचा पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, असे जुन्या पद्धतीनेच केले. पत्रे टाकावेत अशी सूचना होती, पण पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत दळण करणाऱ्या माणसाला उभे राहणे अशक्य झाले असते. मातीला दरवर्षी नवा हात द्यावा लागेल, हे काम पावसाळ्यापूर्वीच्या यादीत लिहून ठेवले आहे.

२५ ऑगस्ट

चाकाचे काम सुरू झाले. लाकूड बाभळीचेच, एका शेतकऱ्याने गाडीसाठी कापून वाळवलेले. उत्तराखंडातील घराट आणि नेपाळमधील घट्ट या पाणचक्क्यांवर लाकडी पात्यांऐवजी वाटीच्या आकाराची लोखंडी पाती बसवून दळणाचा वेग जवळजवळ दुप्पट झाल्याचे अनुभव आहेत, तेव्हा आपणही तसेच करावे असा प्रस्ताव आला. त्याचा गांभीर्याने विचार केला. तेथे चक्की हेच कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते, आणि तेथे तो बदल योग्यच आहे. आमच्याकडे लोखंडी चाक बिघडले तर ते सोलापूरला होटगी रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत न्यावे लागेल, लाकडी पाते मात्र गावातील सुतार एका दुपारी बदलून देईल. त्यामुळे पाती बाभळीची ठेवली आणि त्यांचा धार झेलणारा चेहरा पळीसारखा किंचित खोलगट कोरला. सपाट पात्यावरून पाणी आपटून उडते, खोलगट पात्यात ते वळण घेऊन खाली पडते आणि वळताना अधिक रेटा देते.

लोखंड वापरले ते फक्त तळाच्या खिळ्यासाठी आणि वरच्या दगडातील पट्टीसाठी. खिळा कडक पोलादाचा घडवून घेतला आहे.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. आचारसंहितेला आमची चक्की विशेष प्रिय असावी. सुदैवाने या वेळी कोणत्याही कागदाची वाट पाहायची नाही.

पाथरवटांकडून दगडांना टाकी लावून घेतली. तळच्या दगडाला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तिरक्या सरी पाडल्या असून त्या मध्याशी खोल आणि कडेला जवळजवळ नाहीशा होतात. वरच्या दगडाच्या सरी, तो उलटा बसल्यावर, तळच्या सरींना कात्रीसारख्या छेदतात. दाणा मध्यात भरडला जातो आणि कडेला येईपर्यंत पीठ होतो. सरींमधून हवाही खेळते, त्यामुळे पीठ तापत नाही.

२६ नोव्हेंबर

रब्बीची पहिली पाणीपाळी सुटली. पाटात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, नव्वद अंशांची खाच कापलेली पत्र्याची फळी आडवी बसवून प्रवाह मोजला. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची २४ सेंटीमीटर भरली, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ लिटर. ३.२ मीटर उंचीवरून हे पाणी पडताना त्यात सव्वाबाराशे वॅट शक्ती असते. आडव्या लाकडी चाकाला तिचा साधारण चौथा हिस्सा पकडता येतो असे धरले, तर दगडाला तीनशे वॅट मिळतील. घरगुती पिठाच्या चक्कीची मोटारही याहून दुपटीने मोठी असते. चक्कीकडून कोणी काय अपेक्षा ठेवावी, हे या आकड्यावरून कळावे म्हणून तो दळणाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवण्याचे ठरले.

दार उघडल्यावर चाक क्षणभर थबकले आणि फिरू लागले. धान्याविना दगडावर दगड फिरू द्यायचा नसतो, म्हणून वरचा दगड आधीच तरफेने उचलून ठेवला होता. धान्य पडू लागल्यावर तो हळूहळू खाली आणला. धान्याच्या पेटीखालच्या पन्हळीला एक लाकडी काडी बांधलेली आहे आणि तिचे टोक फिरत्या दगडाच्या खडबडीत पाठीवर टेकलेले असते. दगड फिरला की काडी उडते, पन्हळ हलते आणि दाणे पडतात. पाणी वाढून दगड जोरात फिरला तर दाणेही अधिक पडतात आणि दगडावरील भार वाढून वेग आपोआप आवरतो. एवढ्या साध्या काडीने वेगाचे नियंत्रण होते हे पाहायला शाळेतील मुले बराच वेळ दगडाभोवती उभी होती.

पहिल्या दळणात टाकी लावलेल्या दगडाची कच येते. ते पीठ कोणालाही दिले नाही, गुरांनाही नाही. दुसऱ्या दिवशीचे पीठ काळ्या फडक्यावर पसरून तपासले आणि मगच घरी नेण्यास परवानगी दिली.

२८ डिसेंबर

परवा वेळ अमावस्या, म्हणजे रानात जाऊन पूजा आणि जेवण करण्याचा शेतकऱ्यांचा सण आहे. पाणीपाळीची दुसरी फेरी चालू असल्याने आंबिलासाठी आणि उंड्यांसाठी ज्वारी-बाजरीचे दळण घेऊन लोकांची रांग लागली. तासाला सहा-सात किलो हा वेग पाहता सर्वांचे पुरे होणार नाही हे उघड होते, म्हणून प्रत्येक घराला चार किलोंची मर्यादा घातली आणि उरलेल्यांना विजेच्या गिरणीकडे पाठवले. गिरणीमालकांनी याबद्दल समाधान व्यक्त केले. चक्की सुरू झाल्यास त्यांचा धंदा बसेल, अशी त्यांना सुरुवातीपासून धास्ती होती.

रात्रीही पाट वाहत असतो, त्यामुळे रात्रीच्या दळणासाठी दोघांची पाळी लावली आहे. पन्हळीपाशी एकट्याने जायचे नाही, चाक फिरत असताना खालच्या खोलीत कोणीही उतरायचे नाही आणि पदर, उपरणे खोचल्याशिवाय दगडाजवळ जायचे नाही, हे तीन नियम दारावर रंगवले आहेत.

१५ फेब्रुवारी २०२५

गेल्या दोन महिन्यांत चक्कीचा सर्वाधिक उपयोग कडक भाकरी करणाऱ्या महिला बचत गटाला झाला. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जायला वेळ लागत नाही. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेला चिरते, आणि पातळ थापून वाळवायच्या भाकरीला तर ती अजिबात चालत नाही. त्यामुळे पाणीपाळी असेल त्या दिवसांत गट सकाळी लागेल तेवढेच दळतो. पाळी नसेल तेव्हा ते विजेच्या गिरणीत जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तरफ थोडी वर ठेवून काढलेल्या ज्वारीच्या भरड कण्यांनाही मागणी आहे.

दगडावरच्या पिठाने अमुक आजार बरा होतो, असा फलक लावावा अशी सूचना आली होती. ती स्वीकारली नाही. पीठ ताजे आहे आणि ते तापलेले नाही, एवढे खात्रीने सांगता येते व तेवढेच पिशवीवर छापले आहे.

वरच्या रानाच्या शेतकऱ्याच्या पाळीत चक्की प्रत्येक वेळी बंद राहिली. पाटकऱ्याने किल्लीची नोंदवही ठेवली आहे. एकदा त्यांची पाळी लवकर आटोपली, तेव्हा त्यांनी स्वतःच निरोप पाठवून दार उघडण्यास सांगितले.

चाक काढून तपासले. पाती उत्तम आहेत, दोन पाचरी ढिल्या होत्या त्या ठोकून घेतल्या. पोलादी खिळा मात्र एका अंगाने झिजला आहे, म्हणजे कणा किंचित कललेला असावा. उन्हाळी पाळी मिळणार की नाही हे तलावाच्या साठ्यावर आणि पाणी वाटपाच्या बैठकीवर अवलंबून आहे. तोपर्यंत ओळंबा लावून कणा सरळ करणे, नवा खिळा घडवून घेणे, मोरीजवळ गाळ अडवणारा छोटा हौद बांधणे आणि मे महिन्यात माळवदाला पांढऱ्या मातीचा हात देणे, ही कामे हाती घेतली आहेत. हौदासाठी लागणारा चुना कालच विझवायला टाकला.